उडवण्या आणि कपाटाची जागा

भीती वाटते हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली की मी स्वयंपाकघराबाहेर उभी असते. विजेचं बटण मी हात लांब करून, तोंड फिरवून दाबते. पाल, म्हैस, भरल्या विहिरीचा काठ, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, या सगळ्यांना पुरेल एवढी भीती माझ्याजवळ कायम शिल्लक असते. लग्न होऊन संग्रामपूरजवळच्या या गावात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी निदान करून टाकलं होतं, "हे पोट्टी सोताच्या सावलीले भेते. इचं लेकरू कसं होईन, बाप्पा?"

लेकरू झालं. मुलगी झाली, आणि ती माझ्यावर गेली नाही. चालायला शिकायच्या आधी चढायला शिकली. पेरूच्या झाडावर, ट्रॅक्टरच्या चाकावर, धान्याच्या कोठीवर. मी खालून "पडशील, पडशील" म्हणत धावायची आणि बहुतेक वेळा पडायची मीच. सासूबाई म्हणायच्या, "पडू दे न व. जमीन कुठी पळून चालली?" आणि मला राग यायचा.

मी सांगते आहे ते दोन हिवाळ्यांपूर्वीचं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिच्या वडिलांनी नवा फोन घेतला आणि जुना, काचेला तडा गेलेला, हिच्या हाती आला. त्यात एक खेळ होता. लाल चड्डीतला एक गोल पोटाचा माणूस जंगलातून पळत सुटतो, खड्डे ओलांडतो, दगड चुकवतो. वाटेत जागोजागी जमिनीत एक स्प्रिंग बसवलेली असते आणि तिच्यावर पिवळी चकती. चकतीवर पाय पडला की टुंईं असा आवाज होतो आणि माणूस वर फेकला जातो. मुलीने त्या स्प्रिंगचं नाव ठेवलं होतं उडवण्या.

रोज एक डाव मी खेळायचा, तरच ती जेवायची. असा नियम तिनेच काढला होता. पळणं, खड्डे, दगड हे मला हळूहळू जमायला लागलं. उडवण्या मात्र जमला नाही. तो माणसाला एवढ्या जोरात फेकतो की माणूस पडद्याच्या वर निघून जातो. दिसतच नाही. पडद्यावर नुसतं आभाळ आणि खाली थरथरणारी पिवळी चकती. माणूस कुठे आहे, आहे की नाही, काही कळत नाही, आणि नेमकं तेव्हाच आपण डावं-उजवं दाबायचं असतं, आणि ते चुकलं तर तो खाली येतो तो काट्यांत. खेळातल्या माणसासाठी माझा जीव खालीवर व्हायचा. हसू येतं, पण खरंच व्हायचा.

मग मी घाबरून दोन्ही अंगठे काचेवरून उचलायचे. अंगठे उचलले की तो माणूस सरळ खाली येऊन परत त्याच उडवण्यावर पडायचा आणि परत वर जायचा. टुंईं. टुंईं. टुंईं. मरायचा नाही आणि पुढेही जायचा नाही. मला तेवढं पुरेसं होतं. मुलगी खदाखदा हसायची, "मम्मीचा माणूस बसला नाचत!" आणि मग माझ्या हनुवटीला धरून शिकवायची, "मम्मी, माणसाकडं नको पाहू. कुठं उतराचं हाये थे पाह्य." मी पाहायचे माणसाकडेच.

फोन हातातून पडेल आणि काच फुटून तिच्या बोटांत जाईल, ही माझी आणखी एक भीती. मी घरी ब्लाऊज शिवते. उरलेल्या कापडाची एक थैली शिवली, तिला गळ्यात अडकवायचा जाड पट्टा लावला, पट्ट्याला दुहेरी शिलाई मारली. फोन त्या थैलीत, थैली तिच्या गळ्यात. दिवसभर तिच्या पोटावर तो खेळ वाजत असायचा.

आता कापसाचं सांगते. माझं माहेर बीबी गावचं, वडिलांचं किराणा दुकान. कापूस मी पाहिलेला गादीत नाहीतर समईच्या वातीत. सासरी आले तर कापूस घरात राहायला. भाव येईपर्यंत तो विकायचा नाही, म्हणून घराची पुढची खोली, नव्या फरशीची, पाहुण्यांसाठी बांधलेली, ती दिवाळीनंतर कापसाला देऊन टाकायची. पंखा उतरवायचा, टीव्ही आत न्यायचा. दारात खालून वर एकेक फळी अडकवत जायची आणि आत कापूस ओतत जायचा. शेवटी माझ्या गळ्याएवढा कापूस उभा राहायचा आणि आत जायला दाराशी शिडी लावावी लागायची. कापसावर चप्पल घालून जायचं नाही. लक्ष्मी आहे ती.

आणि ओतलेला कापूस तुडवायचा. ही इथली पद्धत. थर टाकायचा, तुडवायचा, परत थर टाकायचा. तुडवल्याने जास्त मावतो, एवढंच मला वाटायचं. सासूबाई लुगडं खोचून भिंतीला हात लावत कोपरा न् कोपरा तुडवायच्या, आणि नात त्यांच्याबरोबर. आदल्या वर्षी ती खोलीतल्या सज्ज्यावर चढून खाली तुडवलेल्या कापसावर उड्या मारत होती. तुडवलेला कापूस गादीसारखा उसळी मारतो. ती ओरडत होती, "आजी, मले वर फेकून राह्यला!" मी दारातून डोळे मिटून घेतले होते.

त्या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली, दुसऱ्या वेचणीच्या एका गाठोड्यातून नानेटी निघाली. बिनविषारी साप, सगळे हसले, काठीने उचलून बाहेर नेली. पण मी ठरवून टाकलं की आता काही झालं तरी कापसात पाय ठेवायचा नाही. दुसरी, जानेवारीत नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई खामगावला गेल्या.

खोलीच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात आमचं लोखंडी कपाट होतं. कापूस भरताना ते तिथेच राहिलं आणि त्याच्या भोवती कापूस तुडवून पक्का झाला. लग्नसराईचे कपडे काढायचे म्हणून ह्यांनी आणि दोन माणसांनी ते कपाट वर उचलून बाहेर काढलं. कपाटाएवढी पोकळ जागा तशीच राहिली, बाजूच्या कापसाच्या भिंती न ढासळता. शेवटच्या वेचणीची तीन गाठोडी अंगणात आली तेव्हा हे म्हणाले, "कपाटाच्या जागेत टाक अन् तुडवून घे. पोट्टीले घे संगं, ते मस्त नाचते." आणि शेताला पाणी द्यायला निघून गेले.

मी शिडीपाशी गेले. दोन पायऱ्या चढले. पांढरा कापूस, वर वाकलेलं छत, कोपऱ्यात ते काळं चौकोनी भोक. आत नानेटीची आई बसली असेल असं वाटलं. मी उतरले.

मग मला युक्ती सुचली. भित्र्या माणसाला युक्त्या फार सुचतात. त्या कोपऱ्याला लागूनच बुटकी खिडकी होती, अंगणात उघडणारी. गाठोडं खिडकीखाली ओढलं आणि गजांतून मूठमूठ कापूस आत ढकलत बसले. दोन दुपारी लागल्या. मुलगी मागे लागली होती, "मम्मी, मी तुडवतो न." तिला म्हटलं, "आजी घरी नसली की तुडवायचं नाही, अशी रीत आहे." अशी काही रीत नाही. मी तिथल्या तिथे तयार केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपरा भरून बाकीच्या कापसाच्या बरोबरीला आला. ह्यांनी दारातून बॅटरी मारून पाहिलं, सगळीकडे सारखा पांढरा. "तुडवला न?" "हो," मी म्हणाले.

संक्रांतीनंतरचा रविवार. हे ट्रॅक्टरचा काही भाग आणायला संग्रामपूरला गेले होते. दुपारची वेळ, मी आतल्या खोलीत मशीनवर, मुलगी उंबऱ्यावर. तिने मला डाव खेळायला लावला. उडवण्या आला, मी अंगठे उचलले, माणूस नाचत बसला. फोन मी तसाच तिच्या थैलीत सरकवला, म्हटलं, मला काम आहे. तिने तो बंद केला नाही. "नाचू दे त्याले," म्हणाली.

मग म्हणाली, "मम्मी, खऱ्यातबी उडवण्या असते न?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी म्हणाले, "हं."

एवढंच बोलणं झालं. ती उठून गेली ते मला दिसलं, पण मी बाहीच्या गोलाईत गुंतले होते. पडल्याचा आवाज झाला नाही. कापसात पडलेल्याचा आवाज होत नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. बॉबिनचा दोरा संपला, मशीन थांबलं, आणि घरात काहीच वाजत नाही हे माझ्या लक्षात आलं. तो खेळही वाजत नव्हता.

हाक मारली. परत मारली. अंगणात पाहिलं, पेरूच्या झाडावर पाहिलं. मग पुढच्या खोलीच्या दाराशी आले. शिडी लावलेली होती आणि शिडीच्या पायथ्याशी तिच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या.

त्या चपला पाहून माझी पाचावर धारण बसली. शिडी कशी चढले ते आठवत नाही. कापूस सगळा सपाट, आणि कपाटाच्या जागी एक खळगा. खळग्याच्या कडेने थोडा थोडा कापूस अजून आत घरंगळत होता. सज्ज्यावरून पाय जुळवून, अंग चोरून तिने नेमकी तिथे उडी मारली होती. बाकीचा कापूस तुडवून कडक झालेला, कोपऱ्यातला ताजा, फुगलेला. तिला वाटलं असेल, हा सगळ्यात चांगला उडवण्या.

मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही, पण शेजारच्या काकू, ज्यांचं सगळं आयुष्य कापूस वेचण्यात गेलं, त्या हातातली सुपली घेऊनच धावत आल्या. त्यांच्यामागे दोघी-तिघी, समोरच्या घरचा एक जण. तो माझ्या बाजूने भराभर शिडी चढला आणि खळग्यात उतरायला निघाला. काकू खालून कडाडल्या, "खबरदार! वरून पाय ठेवशीन त लेकरू दबन! कडेचा कापूस काहाड, चादरीत भर, हलक्या हातानं!" सगळे एकदम बोलायला लागले, रडायला लागले. मी शिडीवरून उतरले आणि बाहेर पळाले, खिडकीकडे.

कारण त्या कोपऱ्यात काय आहे ते गावात फक्त मला माहीत होतं. तो कापूस मी हाताने भरला होता. तळापासून वरपर्यंत तो मोकळा होता आणि त्यातून माणूस थेट फरशीपर्यंत जातो. ती उभी असेल तर तिचं तोंड खिडकीच्या खालच्या चौकटीच्या जरा वर यायला हवं होतं. आडवी असेल तर, तो विचार मी केला नाही. केला, पण पुरा होऊ दिला नाही.

गजांना कापूस दाबून बसला होता. मी कान लावला. आतल्या बायकांच्या रडण्याशिवाय काही ऐकू येईना. "चूप बसा!" मी ओरडले. मी आजवर या गावात कोणाला चूप बस म्हटलेलं नाही. "चूप बसा सगळ्याजणी!" काकूंनी आतून सगळ्यांना गप्प केलं. आणि मग ऐकू आलं. लांबून, गादीच्या पोटातून यावं तसं.

टुंईं.

थोडं थांबून, परत. टुंईं.

खिडकीच्या डाव्या अंगाला, खालच्या चौकटीच्या बरोबरीने. मी गजातून हात घातला. खांद्यापर्यंत घातला. मुठीमुठीने कापूस ओढून मागे टाकत होते आणि काढला तेवढा वरून परत भरत होता. दोन दुपारी मी ज्या गजांतून कापूस आत ढकलला होता, त्याच गजांतून. ब्लाऊजची बाही फाटली. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. तिला शिव्या देत होते, "थांब, मेले, थांब, हलू नको." मग बोटांना कापड लागलं. जाड पट्टा, दुहेरी शिलाई. माझी शिलाई मला हाताने कळते. त्या पट्ट्यावरून बोटं वर सरकवत गेले. मान. हनुवटी. तोंड उघडं होतं आणि तोंडात कापूस होता.

एका बोटाने तो काढला. परत बोट घातलं, आणखी काढला. काही झालं नाही. माझ्या तळहाताखाली तिचं तोंड होतं आणि काहीच होत नव्हतं. तेव्हाच्या भीतीला मला नाव देता येत नाही. आजवर ज्या ज्या गोष्टीला भ्याले, त्या सगळ्या मला एकदम फालतू वाटल्या, आणि मी म्हटलं, साप येऊ दे, आत्ताच्या आत्ता माझ्या या हाताला साप चावू दे, पण हिला...

तळहाताला गरम लागलं. मग ती खोकली.

मी हाताची वाटी करून तिच्या नाकातोंडावर धरली, कापूस आत येऊ नये म्हणून, आणि ती तशीच धरून उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आत चादरी भरत होत्या, काकू एकेकाला सांगत होत्या, इथून घे, तिथे हात नको लावू. वरचा कापूस सरकला की मी बाहेरून किंचाळायचे आणि सगळे थांबायचे. मध्ये केव्हातरी ह्यांच्या गाडीचा आवाज आला. हे काही न विचारता आत गेले, तुडवलेल्या कापसावर पालथे पडून वरून खाली वाकले, आणि शेवटी दोन्ही बगलांत हात घालून तिला वर ओढलं. माझ्या हाताची वाटी तरी सुटेना. ती रिकाम्या कापसावर धरलेली होती. काकू बाहेर आल्या, माझी बोटं एकेक करून सोडवली, म्हणाल्या, "सोड व माय. काहाडलं तिले."

संग्रामपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. नाकातून कापूस काढला, अंगाला मलम दिलं, म्हणाले, घरी न्या. जीव भांड्यात पडला. घरी येता येता मात्र गाडीवर मागे बसल्या बसल्या मला दुसरी भीती वाटायला लागली. आता कोणी विचारेल, कोपरा असा कसा राहिला?

कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी तिलाच धारेवर धरलं. येणारा जाणारा म्हणायचा, पोट्टी उनाड आहे. हे तिच्यावर कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी चढवला. "कोनाले इचारून चढली होतीस बे तू? मेली असतीस न!" आणि फोन काढून घेतला. ती रडली नाही. मान खाली घालून थैलीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मी तिथेच होते. माझी बोबडी वळली होती म्हणा, नाहीतर मी गप्प बसले म्हणा.

दुसऱ्या दिवशी तिचे केस विंचरत होते. केसांच्या मुळाशी अजून कापूस होता, तो चिमटीने काढत होते. ती म्हणाली, "मम्मी, मांगच्या वर्षी त कापसानं मले वर फेकलं. याबारी काऊन गिळलं?"

मी म्हणाले, "डोकं हलवू नकोस."

सासूबाई खामगावहून आल्या. खोलीत जाऊन पाहून आल्या, नातीला पोटाशी धरलं, आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला जास्त जड गेलं.

चौथ्या दिवशी ह्यांचा राग उतरला आणि फोन परत मिळाला. मी स्वयंपाकघरात, सासूबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मुलगी त्यांच्याजवळ जमिनीवर. या चार दिवसांत ती कशावर चढली नव्हती, हे मी पाहत होते. पिठाचा डबा काढायला साधा पाट लागतो, त्यावरही नाही. पुढच्या खोलीच्या दारासमोरून जाताना ती पलीकडच्या भिंतीला घासून जायची. खेळ सुरू झाला. माणूस पळतोय, उडी मारतोय, ते आवाज मला पाठ आहेत. मग टुंईं. मी पुढच्या आवाजाची वाट पाहिली. परत टुंईं झालं. परत टुंईं.

मी हात न पुसता बाहेर आले. तिचे दोन्ही अंगठे काचेच्या वर, हवेत धरलेले होते. माणूस वर जात होता, खाली येत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई. मले भेव लागते," ती म्हणाली.

नऊ वर्षं मी देवाला एकच मागत होते, हिला थोडी भीती दे. ती आता माझ्यासमोर बसली होती, हुबेहूब माझे अंगठे करून. मला ते पाहवेना. मी सासूबाईंना म्हणाले, एका दमात म्हणाले, "आई, तो कोपरा मी तुडवला नव्हता. खिडकीतून भरला होता. ह्यांना खोटं सांगितलं."

सासूबाईंनी हातातली शेंग सोलून पुरी केली. "तुडवलेला कापूस लेकरू गिळत नाई," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या समजलं मले. पन मले सांगून काय फायदा? जिले सांगाचं तिले सांग."

मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. नानेटी, खिडकी, दोन दुपारी, आजी नसताना तुडवायचं नाही ही बनवलेली रीतसुद्धा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे मी खराब उडी नोती मारली?"

"नाही."

"मंग चार दिस काऊन नाई सांगतलं?"

"भीती वाटली."

"कोनाची?"

"तुझी," मी म्हणाले. तेव्हा ती रडली. चार दिवसांचं एकदम रडली, आणि मीही. सासूबाई शेंगा सोलत राहिल्या.

ह्यांना मी संध्याकाळी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अंगणात निघून गेले. खूप वेळ ट्रॅक्टरशी काहीतरी ठोकत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणाले, "थो कापूस चादरीत पडला हाये. भराचा हाये परत."

"मी तुडवते," मी म्हणाले.

तुडवायचं म्हणजे वरून नाही. त्या रिकाम्या जागेत खाली उतरायचं, फरशीवर उभं राहायचं. वरून थोडा थोडा कापूस पायाशी टाकतात, तो तुडवायचा, त्यावर उभं राहायचं, असं करत आपण वर येत जायचं. मी शिडीखाली चपला काढल्या. कापसावरून गुडघ्यांवर रांगत गेले, कारण उभं राहायची हिंमत नव्हती, आणि ह्यांचा हात धरून त्या भोकात उतरले. दोन बाजूंनी कापसाच्या भिंती, दोन बाजूंनी विटांच्या, त्यातल्या एकीत खिडकी. माझे पाय एवढे लटपटत होते की तुडवायची वेगळी मेहनत करायला नको होती. इथे ती उभी होती, हे पायांना कळत होतं.

खिडकीत मुलगी येऊन उभी राहिली. गज दोन्ही हातांनी धरून. गळ्यात थैली, थैलीत खेळ चालू, टुंईं टुंईं.

पहिला थर घोट्यापर्यंत आला. नाच नाच नाचले. दुसरा आला. प्रत्येक चादर रिकामी झाली की मला वाटायचं, यात आहे काहीतरी, आता वळवळेल. मी खाली पायांकडे पाहत होते. खिडकीतून आवाज आला, "मम्मी, खाली नको पाहू. कुठं जाचं थे पाह्य." मी वर पाहिलं. वर ह्यांचा चेहरा होता आणि पंख्याचा रिकामा हूक.

मी वर येत गेले. आधी तिला माझं तोंड दिसत होतं, मग पोट, मग गुडघे. मग कापूस खिडकीवर चढला आणि मला ती दिसेना. खेळाचा आवाज थांबला.

"मम्मी?" बाहेरून बारीक आवाज आला. "मम्मी, तू हायेस न?"

"आहे," मी म्हणाले. "वर आहे."

मी मान वाकवून छताखाली उभी होते, घामाने भिजलेली, भिंतीला दोन्ही तळहात लावून.

"मी येऊ?" ती म्हणाली.

"नको, पडशील" माझ्या तोंडात तयारच होतं. नऊ वर्षं ते तिथेच असतं. मी तो कोपरा पायाने परत एकदा दाबला, टाच रोवून दाबला, सगळं वजन टाकून पाहिलं.

"ये," मी म्हणाले. "चपला खाली काढून ये."